वस्तू कुठली, ते आधी सांगा

संग्रहालयांविषयी आपल्याकडे एक ठरलेले मत आहे. लोकांना इतिहासाची आवड राहिली नाही, खेड्यातल्या माणसाला जुन्या वस्तूची किंमत कळत नाही, म्हणून शहरातली संग्रहालये ओस पडतात. त्यावरचे उपायही ठरलेले आहेत: जनजागृती करा, शाळांच्या सहली आणा, तिकीट कमी करा. दरवर्षी 18 मे रोजी जागतिक संग्रहालय दिन आला की हे सगळे नव्याने बोलले जाते आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत विसरले जाते.

माझे गाव पिशोर, तालुका कन्नड. छत्रपती संभाजीनगरात सोनेरी महालातले राज्य पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालय आहे, विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे वस्तुसंग्रहालय आहे. आमच्या भागातला माणूस कापूस, मका, अद्रक विकायला, दवाखान्यात, कोर्टात, पोरांच्या प्रवेशासाठी शहरात जातच असतो. तरी त्याची पावले संग्रहालयाकडे वळत नाहीत. याचे कारण त्याच्या उदासीनतेत शोधणे मला उथळ वाटते.

माझे म्हणणे असे आहे. पुराणवस्तूचे मोल तिच्या वयापेक्षा आणि देखणेपणापेक्षा एका नोंदीवर अधिक अवलंबून असते: ती कोणत्या गावात, कोणत्या जागी, किती खोल आणि कशाशेजारी सापडली. ही नोंद प्रेक्षकासमोर आली नाही, तर इतिहास सांगण्याची वस्तूची ताकद जाते आणि ज्याच्या भूमीतून ती आली तो माणूस तिच्यासमोर परका ठरतो. लोकांची नावड हा परिणाम आहे, मूळ दुखणे नोंदीचे आहे. हे तीन टप्प्यांत मांडतो आणि मग विरोधात जे बोलले जाईल त्याला उत्तर देतो.

एक : जागा कळली नाही, तर वस्तू काहीच सांगत नाही

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून बारा हंगाम उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांत, राहत्या जमिनीखाली, दोन-दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली मिळाली. आत लहान मुलांचे सांगाडे होते. त्यातले एक मडके उचलून काचेच्या कपाटात ठेवले आणि खाली ‘मृत्पात्र, ताम्रपाषाण युग’ एवढेच लिहिले, तर ते धान्याचे मडके ठरेल. जमिनीखालचे ते घर, आडवी मांडणी आणि दुसरे मडके यांसह सांगितले, तर गेलेल्या लेकराला घराबाहेर न जाऊ देणारे आईबाप समोर उभे राहतात. मडके तेच आहे. सगळा फरक नोंदीने केला आहे.

आता नाणी घेऊ. 1906 साली नाशिक जिल्ह्यात, दारणा आणि गोदावरीच्या संगमाजवळ, जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि मूळची सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. गौतमीपुत्राने क्षहरातांचा निःपात केला असे नाशिकच्या लेण्यातला लेख सांगतो खरा, पण तो लेख त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरवून घेतलेला आहे. आईने केलेली मुलाची स्तुती पुरावा म्हणून किती धरायची, हा प्रश्न कोणीही विचारील. जोगलटेंभीचा साठा त्याचे उत्तर देतो. हरलेल्या राजाचे चलन जिंकलेल्याने आपल्या नावावर करून चालू ठेवले, हे त्या नाण्यांच्या अंगावरच उमटले आहे. पण हा निष्कर्ष एका नाण्यावरून निघत नाही. साठा एकत्र राहिला, मोजला गेला, कुठे मिळाला ते लिहिले गेले, म्हणून निघतो. तीच नाणी पाच-पन्नास सराफांकडे वाटली गेली असती, तर महाराष्ट्राच्या इतिहासातला एक मोठा सत्तापालट आपण आजही एका प्रशस्तीच्या भरवशावर सांगत बसलो असतो.

तिसरे उदाहरण आमच्या शेजारचे. सिल्लोडच्या पलीकडे केळना नदीच्या काठी भोकरदन आहे. जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत या गावचे लोक आहेत. इटलीत इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात 1938 साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती भारतात कुठे घडली असेल याचे तर्क चालू होते. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले, तेव्हा त्याच घडणीची एक भग्न हस्तिदंती मूर्ती हाती आली. तेरलाही अशीच एक मूर्ती मिळालेली आहे. पॉम्पेईच्या मूर्तीला राखेने तारखेची मर्यादा दिली, भोकरदनच्या मूर्तीला उत्खननाने जागा दिली, आणि मग मराठवाड्यातल्या कारागिराचा हात रोमन घरापर्यंत पोचला होता असे म्हणायला आधार मिळाला. भोकरदनची मूर्ती एखाद्या विक्रेत्याच्या पेटीतून आली असती तर? देखणी तर ती तेवढीच राहिली असती. पण पॉम्पेईशी तिचे नाते जोडायची हिंमत कोणी केली नसती, आणि केली असती तरी मानले कोणी नसते.

सातबाऱ्याशिवाय जमीन कोणाची हे जसे सांगता येत नाही, तसे नोंदीशिवाय वस्तू कोणत्या इतिहासाची हे सांगता येत नाही. ‘दुर्मीळ’, ‘पुरातन’, ‘सुबक’ ही विशेषणे या जागी चालत नाहीत.

दोन : गावाचे नाव पुसले, की गावचा माणूस पाहुणा होतो

आता हे सगळे प्रेक्षकापर्यंत कसे पोचते ते पाहू. आपल्याकडच्या बहुतेक पाट्या एका साच्याच्या असतात: ‘विष्णू, पाषाण, 12 वे शतक’. देवाचे नाव, दगड आणि शतक. यात वाचण्यासारखे काय आहे? विष्णू आहे हे शंख-चक्र पाहून शाळकरी पोरालाही कळते, दगड आहे हे दिसतेच, आणि शतकाचा आकडा एकटा असला की कोणाच्याही मनात ठरत नाही. कोणत्या गावच्या देवळात ही मूर्ती होती, तिथून का हलली, ते देऊळ आज आहे का, तिथली माणसे तिला काय म्हणत, याबद्दल पाटी गप्प. आणि लोक थांबून वाचत नाहीत म्हणून दोष लोकांना.

आमच्या कन्नड तालुक्याचेच घ्या. गौताळ्याच्या रानात पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात सुरू झालेली, म्हणजे अजिंठ्यातल्या आरंभीच्या लेण्यांच्या पिढीची. 1950च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे म. न. देशपांडे यांनी चौथ्या लेण्यासमोरचा ढिगारा उपसला. त्यातून हत्तींची रांग, भालेवाले द्वारपाल, पायऱ्यांजवळ फण्यातून पाणी सोडणारा नाग असे वैभव उजेडात आले. एक यक्षही मिळाला. पोट सुटलेला, बुटका, डोक्यावर पात्र तोलून धरलेला आणि तोंडभर हसणारा. त्याच्या हातावर कारागिराचे नाव कोरलेले आहे: कण्हदास, व्यवसायाने सोनार.

प्राचीन भारतातल्या कलाकृतींवर घडवणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. इथे ते आहे, आणि वर एक सोनार दगडात काम करत होता ही कारागिरीच्या इतिहासातली मोठी बातमी आहे. सोन्याच्या बारीक कामाला सरावलेला हात त्या यक्षाच्या दागिन्यांतही ओळखू येतो. हा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिथे तो नीट जपलेला आहे याचा मला आनंदच आहे. पण कन्नड तालुक्यातल्या किती शाळांना कण्हदास माहीत आहे? ज्याचे नाव दोन हजार वर्षे दगडावर टिकले, तो त्याच्याच मुलखात अनोळखी आहे. त्याची तसबीर नाही, प्रतिकृती नाही, जिल्ह्याच्या शहरात ‘हा आमच्या पितळखोऱ्याचा’ असे सांगणारी ठळक पाटी नाही. मग पोरांना आवड कशाची लागावी?

त्याच लेण्यांतले दानलेख आणखी काही सांगतात. दान देणाऱ्यांत पैठणच्या गंधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांच्या घरातला, मितदेव आहे; राजवैद्य मगिल आणि त्याचे कुटुंब आहे. पैठणचा अत्तराचा व्यापारी आमच्या डोंगरात दान का देतो? कारण व्यापाराचा रस्ता या घाटांतून उतरत होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तगर म्हणजे तेर दहा दिवसांवर सांगितले आहे. पैठण, पितळखोरे, भोकरदन, तेर ही नावे एका नकाशावर मांडली, की आमचा डोंगराळ तालुका कडेला पडलेला मुलूख राहत नाही, वाहत्या रस्त्यावरचे ठिकाण होतो. संग्रहालयाने दाखवायचे असते ते हे. सुट्या मूर्ती रांगेत उभ्या करून हे दिसत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही तालुक्यातच आहे. अंतूरच्या किल्ल्याकडे निजामशाही काळातला फारसी अक्षरांचा दिशादर्शक दगड आहे. कोणती वाट कुठे जाते ते सांगणारा. उद्या कोणी मायेपोटी तो उचलून शहरात नेऊन ठेवला, तर चारही दिशा सांगणारा तो दगड एकही दिशा सांगणार नाही. जागेवरून हलवताना आपण वस्तूकडून काय काढून घेतो, हे यापेक्षा स्वच्छ दिसणार नाही. म्हणून हलवलेल्या प्रत्येक वस्तूसोबत तिची जागा लेखी यायलाच हवी.

मराठवाड्याच्या बाबतीत हे तुटणे जास्त घडले, त्याला राजकीय कारण आहे. 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. संस्थानाचे पुरातत्त्व खाते 1914 साली गुलाम याझदानी यांच्या हाताखाली सुरू झाले, 1930च्या दशकात त्याने पैठणला उत्खननही केले. संग्रहालय मात्र 1930 साली उभे राहिले ते हैदराबादेत. पुढे 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो आणि 1960 साली महाराष्ट्रात. राजधान्या बदलत गेल्या आणि आपल्या भूमीचे दाखले हैदराबाद, दिल्ली, मुंबई असे विखुरले. यात कोणाचा डाव नव्हता. पण ते विखुरलेले दाखले एका ठिकाणी मांडून दाखवण्याचे काम विभागाच्या मुख्य शहराचे होते, आणि ते अजून शिल्लक आहे.

तीन : ‘खेड्याला किंमत कळत नाही’ हे खोटे आहे

तेरचे संग्रहालय कोणी उभे केले? रामलिंगप्पा लामतुरे यांनी. पैठणचे? बाळासाहेब पाटील यांनी. यांतला कोणीही पुरातत्त्वाचा पगारी अधिकारी नव्हता. पावसाने धुऊन निघालेले मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे यांनी आयुष्यभर वेचले, सांभाळले आणि समाजाला दिले. आज सातवाहनकाळाचा अभ्यास करणाऱ्याला या दोन संग्रहांना टाळून पुढे जाता येत नाही. आपल्या गावच्या मातीशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याची नजर तयार असते. एवढेच, की वेचलेल्या वस्तूचे गाव कळते पण थर कळत नाही, आणि तिथे प्रशिक्षित माणसाने वेळीच त्यांच्या शेजारी उभे राहायला हवे होते.

दुसऱ्या बाजूला पांढरीची हकिकत आहे. जुन्या वस्तीच्या टेकाडाची पांढरी माती मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या धाब्याच्या घरांवर टाकायला आणि शेतात खत म्हणून पसरायला नेली गेली. या मातीबरोबर खापरे, मणी, नाणी गेली. याला अडाणीपणा म्हणणारे विसरतात की शेतकऱ्याला ती माती काय आहे हे सांगायला कोणी आले नाही, आणि घर गळत असताना छताला माती लागतेच.

मग एखाद्याला नाण्यांचे मडके सापडते तेव्हा तो लपवतो, हे खरे ना? खरे आहे. पण त्याच्या मागे भीती आहे: जमीन जाईल, पोलीस येतील, हातात काही पडणार नाही. कायदा काय म्हणतो ते त्याला कोणी सांगितलेले नसते. 1878 चा भारतीय निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे. जुना मालक निघाला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळू शकतो. सरकारला ते धन ठेवून घ्यायचे असेल तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो.

या शेवटच्या तरतुदीवर मी मुद्दाम थांबतो. धातूची किंमत! जोगलटेंभीसारख्या साठ्याचे मोल कायद्याने चांदीच्या वजनावर बांधले. सातवाहनांची शिशाची नाणी निघाली तर शिशाचा भाव. मग शेतकरी मोडीच्या भावाने सराफाकडे गेला, तर त्याने वेगळे काय केले? जी चूक कायद्याच्या कलमात आहे ती खेड्यातल्या माणसाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. सांगितलेल्या माहितीला, दाखवलेल्या जागेला आणि न विस्कटता ठेवलेल्या साठ्याला बक्षीस मिळायला हवे. ज्याने नोंद वाचवली त्याचा मान धातूपेक्षा मोठा धरला पाहिजे.

आक्षेप

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. खेड्यात वस्तू ठेवल्या तर चोरीला जातील, मूर्तिचोरांच्या टोळ्या आहेत, तेव्हा शहरच बरे. मला हे मान्य आहे. कण्हदासाचा यक्ष उद्या कन्नडच्या पंचायत समितीत आणून ठेवा, अशी माझी मागणी नाही. सारनाथला उत्खननाच्या जागीच संग्रहालय बांधायचे जॉन मार्शल यांच्या काळात 1904 साली ठरले आणि 1910 पर्यंत ते उभेही राहिले. पण प्रत्येक गावाला असे करता येणार नाही. वस्तू शहरात राहो. तिच्या गावाचे नाव मात्र तिच्याबरोबर राहिले पाहिजे, आणि तिचे चित्र, प्रतिकृती, माहिती गावात परत गेली पाहिजे. याला पहारेकरी लागत नाही.

दुसरा आक्षेप माणसांच्या टंचाईचा. हजारो वस्तूंच्या पाट्या कोण लिहिणार? वस्तू दाखल करून घेताना जी नोंदवही भरली जाते तिच्यात आलेल्या गावाचे नाव बहुधा असतेच. ते कपाटापर्यंत आणायचे आहे. जिथे नाही तिथे ‘सापडल्याचे ठिकाण अज्ञात’ असे प्रामाणिकपणे लिहावे. शहरात विद्यापीठ आहे, जिल्हाभर महाविद्यालयांत इतिहासाचे विभाग आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेक तालुका वाटून घेतला तर हे काम काही वर्षांत होण्यासारखे आहे, आणि ठरीव विषयांवरच्या प्रकल्पांपेक्षा पोरे त्यातून अधिक शिकतील.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. गावोगावची नावे लावली की गावोगावची अस्मिता जागी होईल. ही मूर्ती आमची, ते देऊळ आमचे, तो राजा आमच्या जातीचा, असे तंटे वाढतील. आजच्या हवेत ही भीती पोकळ नाही. पण तंटे वाढतात ते अर्धवट माहितीवर. पूर्ण नोंद माणसाला थांबवते, कारण ती कोणाच्याच सोयीची नसते. जोगलटेंभीच्या नाण्यावर जिंकलेल्याच्या ठशाखाली हरलेल्याच्या खुणा दिसतात. पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यात यक्ष घडवणारा सोनार स्वतःला कृष्णाचा दास म्हणवणारे नाव लावतो. खुद्द सोनेरी महाल मोगलांच्या चाकरीत दख्खनला आलेल्या बुंदेल्या सरदाराने सतराव्या शतकात बांधला. या तिन्हींपैकी कोणतीही गोष्ट एका झेंड्याखाली बसवून दाखवा. मोघम गौरवाला कोणताही रंग लावता येतो. गाव, थर, लेख आणि मोजदाद यांना तो लावणे अवघड जाते.

आणि इंटरनेटवर सगळे टाका म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारतो: गाव न लिहिता टाकलेले छायाचित्र कपाटातल्या मुक्या पाटीपेक्षा काय जास्त सांगेल?

काय मागायचे

संग्रहालयांकडे मागणी एकच आणि साधी आहे. दाराशी जिल्ह्याचा मोठा नकाशा लावा. कोणत्या गावातून कोणती वस्तू इथे आहे, आणि कोणत्या गावची दिल्लीत, मुंबईत, हैदराबादेत आहे, ते त्यावर दाखवा. पिशोर, नागापूर, भोकरदन, पैठण इथून आलेला माणूस आत शिरताच आधी आपले गाव शोधील, आणि मग तुम्हाला त्याला ‘जागृत’ करावे लागणार नाही.

शिक्षकांनी सहल नेण्याआधी आपल्या शिवारातले वीरगळ, जुनी बारव, पांढरीचे टेकाड, देवळामागे पडलेले कोरीव दगड यांची यादी मुलांकडून करून घ्यावी. प्रश्न बरोबर घेऊन गेलेला मुलगा कपाटासमोर थांबतो.

आणि शेतकरी भावांना: विहीर, शेततळे किंवा जेसीबीच्या खोदकामात जुनी वस्तू लागली, तर तिथले काम थोडे थांबवा. उचलण्याआधी मोबाइलने फोटो काढा, गट क्रमांक आणि खोली लिहून ठेवा, शेजारी काय होते ते लिहा, दोन माणसांच्या सह्या घ्या आणि तलाठ्यामार्फत तहसीलला लेखी कळवून पोच घ्या. घासूनपुसून चकचकीत करू नका; साठा असेल तर एकही नाणे बाजूला काढू नका.

संग्रहालयात गेलात तर तिथल्या कर्मचाऱ्याला प्रत्येक कपाटापुढे विचारा, ही वस्तू कोणत्या गावची? उत्तर मिळाले नाही तर अभिप्रायाच्या वहीत तसे लिहा, खाली आपल्या गावाचे नाव घाला. आणि तो नकाशा लागेल त्या दिवशी त्यावर पिशोरच्या नावापुढे काहीच नसेल, तर तेही स्वच्छ लिहा. शोध कुठून सुरू करायचा हे निदान आम्हाला कळेल.